तिसऱ्या रांगेतल्या वन्सं

नणंदेचं कौतुक करणारी भावजय कुणी पाहिली नसेल तर मला पाहून घ्या. सत्तावीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय, वरच्या मजल्यावर त्या आणि खाली आम्ही, आणि या सत्तावीस वर्षांत आमचं दोघींचं धड पटलं असं एक अख्खं वर्ष मला दाखवता येणार नाही. त्यांना माझी जीभ खुपते, मला त्यांची शिस्त. पण खरं ते खरं. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीसारखं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मला कळलं ते एका शनिवारी, आम्ही दोघी शहरात नाटकाला गेलो तेव्हा. इतकी वर्षं काय डोळे मिटून बसले होते, असं विचाराल तर हो, बसले होते.

वन्सं कापडगिरणीत विणकर होत्या. एकतीस वर्षं. चार माग एकट्या सांभाळायच्या. एका छपराखाली दोनशे माग सुरू झाले की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ हलवायचे, पण असे की एकेक अक्षर तोंडावर दिसलं पाहिजे. पलीकडची बाई ते वाचते आणि तसंच उत्तर देते. आम्ही घरात त्याला गिरणीची बोली म्हणतो. वन्सं त्यात इतक्या तरबेज की खात्याच्या एका टोकाचा निरोप जागेवरून न हलता दुसऱ्या टोकाला पोचवायच्या. गिरणीत त्यांचं नावच पडलं होतं, टपाल.

नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी सहा वर्षांची होती. ती पोर गिरणीची बोली आईच्या मांडीवरच शिकली. मायलेकी जेवताना अशा आवाजाशिवाय गप्पा मारायच्या आणि आम्ही नवरा-बायको आपले इकडून तिकडे माना फिरवत बसायचो. मला संशय यायचा की माझ्याबद्दलच चाललंय. बहुतेक वेळा तो खराही असायचा.

ही भाची मोठी झाली, शहरात गेली आणि नाटकात कामं करायला लागली. तीन वर्षांत तीन नाटकं. तिन्ही वेळा तिने आईला बोलावलं, तिन्ही वेळा वन्सं गेल्या नाहीत. एकदा पाठ धरली, एकदा शेजारणीचं बाळंतपण निघालं, तिसऱ्या वेळी तर कारणसुद्धा दिलं नाही. मग चौथ्या वेळी भाचीचा निरोप आला. वन्संनी फोन माझ्यापुढे धरला. "आई, या वेळी मोठं काम मिळालंय. बाल्कनीतली दोन तिकिटं पाठवतेय, तिथून सगळा रंगमंच छान दिसतो. आली नाहीस तर पुन्हा बोलावणार नाही. तुला माझं काम पसंत नाही असं समजेन."

"बरोबरच आहे तिचं," मी म्हटलं. "कुणीही तसंच समजेल."

"तू चल माझ्याबरोबर," वन्सं म्हणाल्या. "पण सकाळच्या पहिल्या गाडीने."

नाटक साडेचारला आणि गाडी सहाची. विचारलं तर म्हणाल्या, चष्मा घ्यायचाय. आता, या बाईची लांबची नजर माझ्यापेक्षा बरी. गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे ते त्यांना गच्चीतून ओळखू येतं. पण त्यांनी एकदा ठरवलं की ताकास तूर लागू देत नाहीत, म्हणून मी गाडीत बसून झोप काढली.

चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुकानदार त्यांच्या पाठीशी उभा राहून दांड्या वाकवत होता आणि विचारत होता, "कानामागे टोचतंय का?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी आतून वैतागले. वन्सं आरशात बघत शांतपणे बसलेल्या. त्याचं तोंड आरशात आलं तेव्हा म्हणाल्या, "नाही हो, अगदी छान बसलाय." मला वाटलं, बाई आज कुठेतरी हरवली आहे.

बाहेर पडलो आणि पुढच्याच चौकात एक मालाची गाडी पीं पीं करत मागे येत होती. रस्त्यावरची कुत्री बाजूला झाली. वन्सं मात्र तिच्याच वाटेत उभ्या, नवा चष्मा पुसत. मी दंड धरून त्यांना असं ओढलं की त्यांची पिशवी खाली पडली. ड्रायव्हरने दोन शब्द सुनावले, मी त्याला चार परत केले. वन्सं त्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या कानाकडे.

बागेतल्या एका बाकावर बसलो. डब्यात उकडलेली अंडी आणि पाव होता. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून काहीबाही विचारत राहिले, उत्तर एकाचंही नाही. मग उठले आणि सरळ पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"वन्सं, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी अंड्याचं टरफल कागदात नीट गुंडाळलं. "डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला. उजव्या बाजूला भांडं पडलं तर कळतं. बाकी काही नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की. मशीन लावून आवाज मोठा होतो, शब्द कळत नाहीत. ते आता कळायचे नाहीत, म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

तीन वर्षं. एका घरात राहून मला पत्ता नाही. आणि लागणार कसा, घरात आमच्याकडे सगळे त्यांच्याशी तोंडासमोरच बोलतात, ती सवयच आहे. मुलीशी बोलायचं तर फोनवर तिचा चेहरा दिसलाच पाहिजे असा हट्ट, तोंड बघितल्याशिवाय करमत नाही म्हणे. आम्हाला ती माया वाटायची. आणि माझं काय सांगू. मी जिन्यात त्यांच्या पाठीमागे जी कुरकुर करायचे, ती ऐकूनही त्या कधी उलटून बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मनाचा मोठेपणा बहाल केला होता. ती त्यांनी ऐकलीच नव्हती.

"मुलीला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं तर आठ दिवसांत बॅग भरून घरी येईल ती. बाप गेला तेव्हा सहा वर्षांची पोर मला म्हणाली होती, शाळा सोडते आणि तुझ्याबरोबर गिरणीत येते. तोच स्वभाव आहे अजून." वन्संनी मला पाव दिला. "आईला नाटक आवडत नाही असं वाटतंय ना, वाटू दे. रागावलेलं माणूस आपल्या जागेवर राहतं गं. कीव आली की सगळं टाकून येतं."

"मग आज का आलात?"

"आज ती म्हणतेय पुन्हा बोलावणार नाही. एकदा तिचं काम मला बघायचंय, शब्द न् शब्द समजून. आणि नंतर तिने विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

एरवी माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या बाकावर मात्र मी तो पाव चावत बसले. मुलीचा राग अंगावर घेऊन ही बाई तीन वर्षं गप्प बसली होती आणि मी खाली बसून म्हणत होते, काय दगडाची आई आहे.

चष्म्याचा उलगडा झाला. पण बाल्कनीतून नवा चष्मा लावूनही नटांचे ओठ दिसणार नव्हते. म्हणजे जागा बदलून घ्यायला हव्या. आम्ही तडक नाट्यगृहावर गेलो. तिकीट खिडकीला जाड काच, बोलायला मधे जाळीचं एक भोक. आतला माणूस भोकाशी तोंड आणून म्हणाला, "तिकिटं बदलून मिळत नाहीत," आणि मान जराशी वळवून बाजूला बसलेल्या सोबत्याशी काहीतरी बोलायला लागला. मला काचेतून ओ की ठो कळेना. मी भांडायचा पवित्रा घेतला तेवढ्यात वन्सं पुढे झाल्या.

"तिसऱ्या रांगेतल्या परत आलेल्या दोन जागा कुणाला द्यायच्या असं विचारताय ना त्यांना? आम्हाला द्या."

तो माणूस वन्संकडे बघतच राहिला. मग मागे वळून आपल्या खोलीचं दार उघडं आहे का ते त्याने पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "माझी मुलगी काम करते आजच्या नाटकात. मी तिला अजून एकदाही पाहिलेलं नाही." हे मात्र त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की त्याने आमची बाल्कनीची तिकिटं घेऊन तिसऱ्या रांगेतली मुकाट्याने पुढे सरकवली. जिना उतरताना वन्सं स्वतःशीच हसत होत्या. संध्याकाळी परतीच्या गाडीत मला कळलं की तो बाजूचा सोबती त्याला म्हणाला होता, देऊन टाक, नाहीतर ती दुसरी बाई काच फोडेल.

"मुलीला कळवू या का, जागा बदलल्या म्हणून?" मी विचारलं.

"नको. का बदलल्या म्हणून विचारेल." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नाटकाला अवकाश होता म्हणून समोरच्या हॉटेलात खिडकीशी चहा घेत बसलो. वन्संनी नवा चष्मा लावला आणि रस्ता ऐकून मला सांगायला सुरुवात केली. पलीकडे फुटपाथवर एक मुलगी फोनवर सांगत होती की मी निघालेय, अर्ध्या वाटेत आहे, आणि ती खांबाला टेकून उभी होती. एक नवरा बायकोला सांगत होता की मला भूक नाही, आणि डोळे बेकरीच्या काचेवर. शिंप्याच्या दुकानात दोघी जणी गिऱ्हाइकाच्या मापांवर हसत होत्या. कान शाबूत असून मला त्यातलं काही कळत नव्हतं. इतका वेळ मला त्यांची दया येत होती, ती तिथे चहाच्या कपात बुडाली. मागांनी या बाईचे कान खाल्ले आणि तिने त्याच मागांजवळून शिकलेल्या विद्येवर अख्खं शहर समोर बसवून ऐकलं.

साडेचारला पडदा उघडला. नाटक साधंच होतं. घर सोडून गेलेला एक बाप म्हातारपणी परत येतो. धाकटी दोन मुलं त्याच्याशी बोलतात, भांडतात, थोरली मुलगी मात्र त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. घरात इतर सगळ्यांशी बोलते, त्याच्याशी नाही. ही थोरली म्हणजे आमची भाची. नाटकभर लोक एवढ्याचसाठी बसून असतात, की ही कधी बोलणार.

मी नाटक अर्धं पाहिलं असेल, अर्धा वेळ वन्संकडे बघत होते. त्या खुर्चीच्या कडेला ताठ बसल्या होत्या, माग चालू असताना उभ्या राहत असतील तशा, डोळे एका नटावरून दुसऱ्यावर. विनोदाला त्या इतरांच्या आधी हसायच्या. बाकीचे तो ऐकायची वाट बघत होते, यांना तो नटाच्या तोंडावर येताना दिसत होता. पुढच्या रांगेतले गृहस्थ दोनदा वळून बघून गेले. नट पाठमोरे झाले की मात्र धागा तुटायचा. मग मी त्यांच्याकडे तोंड करून जमेल तशी गिरणीची बोली बोलायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि कुजबुजल्या, "राहू दे. तुझं तोंड बघून मला हसू येतंय."

त्यांच्या मते ती कुजबूज होती. ती पाच रांगांनी ऐकली.

आत काय चाललं होतं ते आम्हाला मागाहून कळलं. पडदा उघडायच्या आधी भाचीने फटीतून बाल्कनीकडे पाहिलं होतं. आईच्या जागेवर दोन अनोळखी माणसं बसलेली. म्हणजे आई आली नाही. चौथ्यांदाही नाही, आणि तिकिटंसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली. बिचारी तशीच रंगमंचावर आली आणि तसंच सगळं नाटक रेटत होती. मला वाटत होतं, पोरगी काय सुरेख घुसमट दाखवतेय.

शेवटचा प्रवेश आला. बाप पिशवी उचलून दाराकडे निघालेला. भाची रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेशी येऊन बसते, तिच्यावरचा दिवा आमच्या रांगांवरही सांडत होता. आता ती बोलणार. तिने मान वर केली आणि समोर तिसऱ्या रांगेत तिला आई दिसली. नवा चष्मा घातलेली, तिच्या तोंडाकडे एकटक बघणारी.

तिचे ओठ हलले. मला काहीही ऐकू आलं नाही.

क्षणभर वाटलं, माझेही कान गेले. मग ध्यानात आलं. आवाज निघालाच नव्हता. सगळ्या चेहऱ्याने, एकेक अक्षर तोंडावर दाखवत ती बोलली होती, जेवणाच्या टेबलावर बोलायची तशी. आयुष्यभर आईच्या डोळ्यांत बघून बोलायची वेळ आली की तिचा आवाज आपोआप बंद होत आलाय, इथेही झाला. आठशे माणसं श्वास रोखून बसलेली. दाराशी उभा असलेला बाप थांबला, वाट बघितली, काही ऐकू येत नाही असं पाहून हळूच वळला, पिशवी खाली ठेवली आणि येऊन खुर्चीत बसला. पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

वन्संनी चष्मा काढून डोळे पुसले. "शेवटी काय आवाज लावला गं पोरीने," त्या म्हणाल्या. "मागच्या भिंतीपर्यंत पोचला असेल, नाही?"

"हो," मी म्हटलं.

रंगपटात भाची अर्धा चेहरा पुसलेल्या अवस्थेत उभी होती. नाटक बसवणारे गृहस्थ तिला सांगत होते, "वाक्य खाल्लंस ते खाल्लंस, पण उद्याही असंच कर." आम्हाला पाहून ती धावत आली, आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावरून मला म्हणाली, "मामी, माझं शेवटचं वाक्यच गेलं. आईला बघितलं आणि आवाज फुटेचना."

खांद्यावरून बोललेलं वन्संना कसं दिसणार. त्यांनी मुलीला समोर धरलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "सगळ्यात छान तुझं शेवटचं वाक्य. 'थांबा, बाहेर गारठा आहे.' किती खणखणीत म्हटलंस."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती वन्संनी स्वतःच्या हाताने उघडली होती, आणि तीही मुलीचं कौतुक करताना.

पोरगी हुशार. ती काही न बोलता आईच्या पाठीमागे गेली आणि म्हणाली, "आई." वन्सं टेबलावर मांडलेले केसांचे टोप बघत होत्या. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने. खोलीतले दोघे-तिघे वळले. वन्संनी एका टोपाचे केस हलकेच बोटाने सारखे केले.

भाची परत समोर आली. "किती दिवस झाले?"

वन्संनी माझ्याकडे डोळे वटारले. "मी चकार शब्द काढलेला नाही," मी म्हटलं. "तुम्हीच बोललात."

"आई," भाची सावकाश म्हणाली, "शेवटच्या वाक्याला आवाज नव्हता. नुसते ओठ हलले. तुझ्याशिवाय कुणालाही ते कळलेलं नाही."

वन्संनी हे नीट वाचलं. विचार केला. "मग एवढी माणसं टाळ्या कशाला वाजवत होती?"

भाची हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. उरलेला रंगही गालावरून ओघळला. "मला वाटत होतं तुला माझं काम आवडत नाही. तीन वर्षं मी तुझ्यावर रागावून होते. दर वेळी बाल्कनीकडे बघायचे. का नाही सांगितलंस?"

वन्सं ताठ झाल्या. त्यांना आपल्या आवाजाचा अंदाज राहिलेला नाही, हे मला तेव्हा पुरतं समजलं, कारण त्या जे बोलल्या ते बाहेरच्या बोळात शिडी घेऊन चाललेल्या माणसानेही थांबून ऐकलं. "घरी परत यायचं नाव काढलंस तर याद राख."

भाचीने डोळे पुसले, आईचा हात धरला आणि तिला आरशाच्या दिव्यापाशी नेलं, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली. मग आवाज न काढता बोलायला लागली. बराच वेळ बोलली. सत्तावीस वर्षं त्या घरात काढूनही मला त्यातलं काही कळलं नाही. वन्सं ऐकत होत्या, मधेच मान हलवून नाही म्हणत होत्या, पुन्हा ऐकत होत्या. शेवटी ती थांबली आणि दोनच छोटी वाक्यं बोलली, अगदी सावकाश. तेवढी मलाही वाचता आली.

"येत नाही. तू येत जा."